फ्रीव्हीलमधलं ग्रीस

त्या वर्षी आमच्या घरात संध्याकाळच्या उपासनेला कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. एरवी भजन रंगात आलं की पप्पांच्या टाळीने शेजारचं बाळ दचकून उठायचं आणि त्याची आई भिंतीवर दोन धपके मारून निषेध नोंदवायची. पण नगरजवळच्या नागापूरच्या एका कंपनीत प्रेस मशीनखाली पप्पांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळची दोन, आणि टाळीचा आवाजच बदलला. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी एकदा वाजवून बघितली आणि हात मांडीखाली घेतला. त्यानंतर आई, मी आणि माझा धाकटा भाऊ आम्ही सगळेच हात मांडीवर ठेवून भजनं म्हणू लागलो. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. शेजारीण मात्र दोन आठवड्यांनी येऊन आईला म्हणाली, "बाळ आता लवकर झोपतच नाही हो, तुमचा आवाज येत नाही तर."

घरात ऐकू यायचा तो दुसराच आवाज. पप्पा डाव्या हाताने चमच्याने जेवायला शिकत होते आणि तो चमचा ताटावर सारखा आपटायचा. आई दवाखान्यात नर्स, त्यामुळे जखम, पट्टी, इंजेक्शन याचं तिला काही वाटत नसे, पण तो चमच्याचा आवाज तिला सहन व्हायचा नाही. ती मुद्दाम त्याच वेळी मिक्सर लावायची. शेंगदाण्याची चटणी आमच्याकडे इतकी होऊन बसली की डबे पुरेनात. भाकरी कुस्करून दुधात द्यावी तर पप्पा म्हणायचे, "मी काय म्हातारा झालोय का?" आणि न कुस्करता द्यावी तर अर्धी ताटात राहायची. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. मला कीव यायची आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग यायचा.

आता भानुदासकाकांविषयी सांगायला हवं. पप्पा आणि काका एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. पप्पा प्रेस चालवायचे आणि काका सेटर, म्हणजे मशीनला डायचा साचा बसवून, बटणं तपासून, मग ते चालवायला मोकळं करून देणारे. दर दिवाळीच्या सुट्टीत दोघे साध्या काळ्या सायकलींवर वळकट्या बांधून लांब निघायचे. एकदा पैठणला गेले, एकदा भीमाशंकरला, एकदा तर थेट समुद्र बघून आले आणि पुढे महिनाभर आमच्या घरी दुसरा विषय नव्हता. त्या वर्षी काका येणार नव्हते. प्रेसला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला आणि एक उजव्या. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय मशीन खाली येत नाही, म्हणजे दोन्ही हात बाहेर असल्याची खात्री. दवाखान्यात साहेबांनी विचारलं तेव्हा पप्पा एवढंच म्हणाले होते, "स्ट्रोक आपोआप आला." मशीन न दाबता आपोआप खाली आलं म्हणजे बटण बिघडलेलं, आणि बटण बिघडलेलं म्हणजे सेटरने तपासलेलं नाही. काकांना घरी बसवलं, चौकशी लागली. सुट्टी संपल्यावर सोमवारी पप्पांचा जबाब होता आणि तो झाला की काकांची नोकरी जाणार हे साऱ्यांना ठाऊक होतं. मला तर ती कधी जाते असं झालं होतं. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी लहानपणी जत्रा बघितली, त्याला मी मनातल्या मनात रोज शिव्या घालत होते.

"अहो, जाऊन या कुठंतरी," आई म्हणाली. "इथं बसून काय बोटं फुटणार आहेत का?"

"एकटा कसा जाऊ? पुढचा ब्रेक दाबता येत नाही मला."

"रूथीला न्या. ती पुढं, तुम्ही मागं."

मी हो म्हणायच्या आत आईने डबा भरायला घेतला. आम्ही ख्रिस्ती, फराळ आमच्याकडे नाताळात व्हायचा. त्यामुळे दिवाळीत शेजारपाजारच्या पाच घरांची ताटं आमच्याकडे यायची आणि नाताळात ती आमच्याकडून भरून जायची. पाच घरांच्या पाच चवींच्या चकल्या एकाच डब्यात बसल्या. सायकली मी कोपऱ्यावरच्या गणपतमामांच्या दुकानातून तपासून आणल्या. मामा निघताना म्हणाले, "रूथे, फ्रीव्हीलमधी तेल सोडलंय. आता त्यात काही घालू नको." पण मी पडले मशीनवाल्याची पोर. पप्पांकडे कंपनीतल्या पिवळ्या घट्ट ग्रीसचा एक डबा होता. त्या ग्रीसचं कौतुक आमच्या घरात तुपासारखं चालायचं. इतकं चांगलं ग्रीस घरात असताना नुसतं तेल कशाला, असं म्हणून मी माझ्या सायकलीचं मागचं चाक आडवं टाकलं आणि फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या दातेरी चकतीच्या, फटीतून सेफ्टीपिनेने बसेल तेवढं ग्रीस कोंबलं. पप्पांच्याही सायकलीत भरणार होते, पण डबा संपला. हे नशीबच म्हणायचं.

संगमनेर, अकोले करत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही राजूरला पोचलो आणि आईच्या ओळखीच्या एका नर्सबाईंकडे उतरलो. तिसऱ्या दिवशी उजाडताना निघालो. मला कोकणकडा बघायचा होता. काकांनी त्याचं वर्णन इतक्या वेळा केलं होतं की मी तो त्यांच्याशिवाय बघणार, याचा मला एक दुष्ट आनंद होत होता. राजूर सोडलं, थोड्या वेळाने डांबर संपलं आणि जंगल सुरू झालं. हिरड्याची झाडं, जांभळी, खाली कारवीची दाट झुडपं, आणि मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्यांचा दगडगोट्यांचा रस्ता. आज तिथे चांगली सडक आहे असं माझा भाचा सांगतो. तो गिअरच्या सायकलीवर, डोक्याला टोपडं आणि हँडलला मोबाईल लावून जाऊन आला आणि मला म्हणाला, "आत्या, तिकडं रेंज नसते ना, फार बोअर होतं." आम्हाला त्या दिवशी तीन तासांत एक गुराखी आणि वानरांची एक टोळी एवढीच काय ती सोबत भेटली. थंडी अशी होती की बोलताना तोंडातून वाफ यायची. पप्पांनी उजव्या हातात माझा जुना लोकरी मोजा चढवला होता. थंडीमुळे, असं ते म्हणाले. पण तो मोजा त्यांनी नगर सोडल्यापासून, दुपारच्या उन्हातसुद्धा, काढला नव्हता.

एका चढावर मी उभी राहून जोर लावला आणि पेडल रिकामंच फिरलं. मी दाणकन दांडीवर बसले. परत जोर लावला, परत तेच. साखळी फिरत होती, पण चाक ढिम्म. पप्पांनी सायकल उलटी केली, पेडल फिरवलं, कान लावला. मग फ्रीव्हीलच्या फटीतून बोट फिरवून बघितलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. ते पिवळं झालं होतं.

"यात ग्रीस कुणी भरलं? आत स्प्रिंगवर दोन बारक्या खिट्ट्या असतात, कुत्ते म्हणतात त्यांना. ते दातात अडकले तर चाक फिरतं. ग्रीस थंडीत गोठलं की ते उचलतच नाहीत. एवढी अक्कल नाही का?"

"मामांनी भरलं असेल," मी म्हणाले.

का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांच्या कपाळाची शीर दिसली आणि तोंडातून निघून गेलं. पप्पा भडकले. गणपतमामांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. पुढे चार-पाच किलोमीटर आम्ही सायकली ढकलत चाललो आणि तेवढा वेळ ते थांबले नाहीत. गेल्या पाच महिन्यांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. ज्या माणसाने मला सायकल चालवायला शिकवताना दुकानाचं अर्धं पटांगण मोकळं करून दिलं होतं, त्या माणसाचं नाव ऐकत मी मान खाली घालून चालत होते. दर वळणावर मी ठरवायची की आता सांगायचं, आणि दर वळणानंतर ते आणखी अवघड व्हायचं.

खाली दरीत एक वाडी लागली, दहा-बारा घरांची. एका खळ्यावर भाताची झोडणी नुकतीच संपली होती आणि एक म्हातारी सुपाने भात वारवत होती. ठकूबाई तिचं नाव. पप्पांनी रॉकेल आहे का विचारलं. तिने काही न विचारता घरातून चिमणीचं रॉकेल वाटीत ओतून आणलं आणि मग समोर उकिडवी बसली.

"सायकलीला काय झालं रं बाबा?"

"ग्रीस गोठलंय."

"बरं. आन् हाताला?"

मी दचकले. नगरमध्ये कुणी असं विचारत नसे. लोक देवाची इच्छा म्हणायचे, प्रार्थना करतो म्हणायचे आणि हाताकडे न बघता बोलायचे. मोजा रॉकेलने भिजणार म्हणून पप्पांनी तो नुकताच काढला होता, आणि ठकूबाई सरळ त्या हाताकडे बघत होती.

"मशीनवर गेली बोटं," पप्पा म्हणाले. "आपोआप खाली आलं. सेट करणाऱ्याने नीट बघितलं नव्हतं."

"अगं आई गं. मंग त्यो आला का न्हाई भेटाया?"

"आला होता दोनदा. मी भेटलो नाही."

"दोनदा आल्ता व्हय," म्हातारी म्हणाली आणि सुपातला खडा वेचून तिने बाजूला टाकला.

पप्पांना तेवढं बोलणं पुरलं नाही. चाक सोडवून मांडीवर घेत ते म्हणाले, "लोकांना कामाची लाजच राहिली नाही, मावशी. आता हेच बघा. पोरीची सायकल, जंगलातून जायची, आणि दुकानदार त्यात ग्रीस कोंबून मोकळा. मी नाही सोडणार. नगरला गेल्यावर बाजारात चार लोकांसमोर त्याला उभा करतो."

ते करतील हे मला माहीत होतं. गणपतमामा पटांगणात उभे आहेत, लोक जमले आहेत आणि मामा माझ्याकडे बघताहेत, हे सगळं मला स्वच्छ दिसलं.

"पप्पा, ग्रीस मी भरलं."

त्यांनी चाकावरून मान वर केली.

"आपल्या डब्यातलं. मामांनी नको म्हणून सांगितलं होतं."

"मग मघाशी त्यांचं नाव का घेतलंस?"

"निघून गेलं तोंडातून. मग तुम्ही त्यांना एवढं बोलायला लागलात की मला परत फिरवता येईना." आणि मी रडायला लागले. सोळा वर्षांची घोडी, अनोळखी म्हातारीच्या खळ्यावर, नाक पुसायला रुमालही नव्हता.

मला वाटलं आता थोबाडीत बसणार. पप्पांनी वाटी उचलली, फटीतून थोडं रॉकेल सोडलं, चाक फिरवलं, परत सोडलं. पिवळं पाणी त्यांच्या पँटवर गळत होतं. बराच वेळ ते तेवढंच करत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चिपटी मी लावली होती."

मला कळलं नाही.

"उजव्या बटणात लाकडाची चिपटी मारली की ते दाबलेलंच राहतं. मग एका हाताने बटण दाबायचं, दुसऱ्या हाताने पत्रा सारायचा. दुप्पट माल निघतो. मी सगळ्यांत जास्त माल काढायचो ना, तो असा. सेटर पुढच्या मशीनवर गेला की लावायची, तो यायच्या आत काढायची. भान्याने मशीन बरोबरच दिलं होतं. त्याला यातलं काही माहीतसुद्धा नाही." वाटी खाली ठेवून ते म्हणाले, "साहेबांनी विचारलं तेव्हा मी शुद्धीत नव्हतो असं मी स्वतःला सांगतो. होतो मी शुद्धीत, रूथे. चांगला शुद्धीत होतो."

मला त्यांचा भयंकर राग आला. पाच महिने मी एका निर्दोष माणसाला शिव्या घातल्या त्या यांच्यामुळे. आणि त्याच क्षणी मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, कारण दर वळणावर ठरवून पुढच्या वळणावर गप्प बसणं म्हणजे काय, ते मला त्या सकाळीच कळलं होतं. माझी चार-पाच किलोमीटरची वाट होती. त्यांची पाच महिन्यांची. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा वीस वर्षांनी मोठी आहे. माझ्याकडून त्याहून लहान गोष्टी बोलायच्या राहून गेल्या आहेत, आणि ज्यांच्याशी बोलायच्या ती माणसंही आता नाहीत. तेव्हा मला एवढंच सुचलं की त्यांच्या शेजारी जाऊन बसावं. मी बसले.

ठकूबाईने सगळं ऐकलं होतं. ती उठली, आत गेली आणि दुसरी वाटी घेऊन आली. "खुरासनीचं त्याल हाय. चालंल का यंत्राला?"

"चालेल मावशी. पातळच पाहिजे."

रॉकेलने ग्रीस धुऊन निघालं, मग दोघांनी मिळून तेल सोडलं. पप्पांनी अंगठा आणि राहिलेल्या दोन बोटांत वाटी धरली होती आणि मोजा त्यांनी परत चढवला नाही. मी चाक उलटं फिरवलं. आतून कट कट कट असा आवाज आला आणि पप्पा म्हणाले, "बसले कुत्ते." चाक चढवून झाल्यावर ठकूबाईने आम्हाला उठू दिलं नाही. नव्या तांदळाचा भात, हुलग्याचं पिठलं आणि ठेचा. पप्पा तिच्या ओसरीवर उजव्या हाताने, अंगठा आणि उरलेल्या बोटांनी कालवून जेवले. शितं सांडली, पिठलं मनगटापर्यंत आलं आणि त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. आम्ही तिला डब्यातल्या चकल्या दिल्या. तिने एक मोडून बघितली, दात नव्हतेच, म्हणून नातवंडांसाठी ठेवल्या.

कोकणकडा तिथून फार लांब राहिला नव्हता. मी सायकल त्या दिशेला वळवली तेव्हा पप्पा म्हणाले, "राजूरहून नगरची गाडी किती वाजता असते?"

कडा नाही बघायला मिळाला याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? सायकल वळवली आणि आल्या वाटेने निघालो. चढाचे आता उतार झाले होते. पप्पा मागून ओरडत होते, "हळू, हळू, दगड बघ," आणि मी ब्रेक दाबत खाली येत होते. दुपारी राजूरला गाडी मिळाली. कंडक्टर आणि दोन प्रवाशांनी मिळून सायकली टपावर चढवल्या. वाटेत पप्पा एकदाच बोलले. "तुझ्या आईला काय सांगू?" मी म्हटलं, "जे मला सांगितलंत तेच." सोमवारी त्यांनी चौकशीत खरं सांगितलं. काका कामावर परत गेले. पप्पांना पुन्हा प्रेसवर घेतलं नाही. त्यांना गेटवर बसवलं, आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथे येणाऱ्याजाणाऱ्याच्या सायकलीची हवा तपासत बसले. आईला ते गेट कधीच आवडलं नाही. हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी आम्ही नगरला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पप्पांनी घराकडे सायकल वळवलीच नाही. सरळ नागापूरला, काकांच्या खोलीकडे. काका बनियनवर दारात बसून तांदूळ निवडत होते. घरी बसलेल्या माणसाला बायको असली कामं देते. आम्हाला बघून ते उठले, ताट हातातच राहिलं. धुळीने माखलेले पप्पा, मागे मी, दोन सायकली.

पप्पांनी सायकल भिंतीलासुद्धा लावली नाही. "भान्या, चिपटी मी लावली होती."

काकांनी ताट खाली ठेवलं. "मशीन वर करून तुझा हात कोनी सोडवला त्या दिवशी?"

"तू."

"मंग बटनातली चिपटी कोनी काढली असंल?"

पप्पांनी सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "तुला माहीत होतं? मग साहेबांना का नाही सांगितलंस? नोकरी चालली होती तुझी."

"दोन बोटं गेल्ती तुझी," काका म्हणाले. "आनखी काय काय घालवायचं हुतं?"